‘कथा तीच, चेहरे वेगळे’ हे खरे नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नव्वदच्या दशकातील हॉलिवूडच्या रोमँटिक कॉमेडींवरचा लेख वाचला. लेख मेहनतीने लिहिला आहे, पण अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय मध्यमवर्गावरच्या चित्रपटांची त्यात एका वाक्यात बोळवण झाली आहे: कथा तीच, चेहरे वेगळे. हे चित्रपट ओळीने पाहिले तर हे विधान टिकत नाही. त्यांतली भांडणे वेगळ्या कारणांवरून होतात, हशा वेगळ्या जागी येतो आणि ही लाट ओसरली त्यामागचे पैशाचे गणितही वेगळे आहे.

सुरुवात १९८६ पासून करावी लागते. स्पाइक ली यांनी ब्रुकलिनमध्ये बारा दिवसांत आणि जेमतेम पावणेदोन लाख डॉलरमध्ये ‘शीज गॉटा हॅव इट’ चित्रित केला. कृष्णधवल चित्रपट, नायिका ग्राफिक आर्टिस्ट आणि तिच्यासाठी झुरणारे तीन पुरुष. त्याने सुमारे ७० लाख डॉलर कमावले. शहरात राहणाऱ्या, शिकलेल्या कृष्णवर्णीय माणसांचे प्रेम पाहायला लोक तिकीट काढून येतात, हे त्याच वेळी सिद्ध झाले होते. तरीही स्टुडिओंचा पैसा वळला तो गल्लीतल्या टोळ्यांच्या चित्रपटांकडे. ‘न्यू जॅक सिटी’ आणि ‘बॉइज एन द हूड’ हे दोन्ही १९९१ चे. खर्च कमी, गल्ला भरपूर. मग पुढची दोन-तीन वर्षे कृष्णवर्णीय तरुण पडद्यावर आला की हातात पिस्तूल असणारच, अशी परिस्थिती झाली.

या पार्श्वभूमीवर १९९२ चा ‘बूमरँग’ पाहायला हवा. दिग्दर्शक रेजिनाल्ड हडलिन, नायक एडी मर्फी, खर्च सुमारे ४ कोटी डॉलर. न्यूयॉर्कमधली सौंदर्यप्रसाधनांची कंपनी. वरपासून खालपर्यंत बहुतेक सगळे कर्मचारी कृष्णवर्णीय. नायक जाहिरात विभागाचा बडा अधिकारी, बायकांना वापरून सोडून देणारा. कंपनीचे विलीनीकरण होते आणि त्याच्या डोक्यावर त्याच्याच स्वभावाची बाई बॉस म्हणून येऊन बसते. तेव्हाच्या काही समीक्षकांनी कुरकुर केली, की असे ऑफिस असते कुठे? गोऱ्या माणसांनीच भरलेल्या ऑफिसांचे शेकडो चित्रपट आले, तेव्हा ही शंका कोणाला आली नव्हती. वर्णद्वेष चित्रपटात अगदीच नाही असेही नाही. कपड्यांच्या महागड्या दुकानात नायक आणि त्याचे मित्र शिरतात आणि गोरा विक्रेता त्यांच्यावर पाळत ठेवतो, असा एक छोटा प्रसंग आहे. तो विनोदात उडवला जातो आणि कथा पुढे सरकते. हे प्रमाण जाणूनबुजून ठेवलेले आहे. वर्णद्वेषाची जाणीव पात्रांना आहे, पण त्यांचा सगळा दिवस तो खात नाही.

आता भांडणांकडे. साधारण रोमँटिक कॉमेडीत नायक-नायिकेची नोकरी ही सजावट असते. ती मासिकात काम करते की बेकरी चालवते, याने फारसे बिघडत नाही. इथे मात्र नोकरी काढून घेतली तर कथाच कोसळते. २००६ च्या ‘समथिंग न्यू’चे उदाहरण घ्या. दिग्दर्शक सना हमरी. नायिका केनिया लॉस एंजेलिसमध्ये मोठ्या फर्ममध्ये हिशोबतज्ज्ञ आहे, भागीदारी तोंडावर आली आहे, स्वतःचे घर घेतले आहे आणि मागची बाग ओसाड पडली आहे. बाग करायला जो येतो तो ब्रायन, गोरा. पोस्टर पाहून वाटते की दोन वर्णांमधले प्रेम हा विषय आहे. तो आहेच, पण भांडणे नीट ऐका. ऑफिसात एक गोरा अशील केनियाच्या आकड्यांवर विश्वास ठेवत नाही. ती हे सगळे सुपरमार्केटमध्ये ब्रायनला सांगू लागते. तो वैतागतो; एखादी संध्याकाळ तरी हा विषय नको, एवढेच त्याचे म्हणणे. तिच्या दृष्टीने त्याच जागेसाठी दुप्पट काम करावे लागणे हा कृष्णवर्णीय असण्याचा रोजचा कर आहे आणि कर एका संध्याकाळपुरता माफ होत नाही. ठिणगी पडते ती इथे. शिवाय कमाई आणि सामाजिक वजन तिचे जास्त, त्याचे कमी. आईची नाराजी जितकी त्याच्या रंगावर, तितकीच त्याच्या मातीने भरलेल्या हातांवर आहे.

याच चित्रपटात केसांचा प्रसंग आहे. केनियाने स्वतःच्या केसांवर विणलेले कृत्रिम केस लावलेले आहेत. ब्रायन सहज विचारतो, हे कधी काढतेस की नाही? ती त्याला घराबाहेर काढते. हा प्रसंग काही प्रेक्षकांना अतिरेकी वाटतो. पण कॉर्पोरेट ऑफिसात नैसर्गिक कुरळे केस ‘अव्यवस्थित’ ठरवले जात असतील, तर विणलेले केस हा नोकरीचाच भाग झाला आणि त्याने बोट ठेवले ते नेमके तिथे. पुढे ती ते केस काढून टाकते. संवादातून समजावून सांगायला गेले असते तर हे पाच मिनिटे चालले असते आणि कंटाळवाणे झाले असते.

घरांचेही तसेच. २००० चा ‘लव्ह अँड बास्केटबॉल’ लॉस एंजेलिसच्या बाल्डविन हिल्स भागात घडतो. नायक-नायिका शेजारी; मुलाचे वडील व्यावसायिक बास्केटबॉल खेळाडू, मुलीचे वडील बँकेत आणि आई गृहिणी. शेजारीच असलेल्या व्ह्यू पार्कसारख्या वस्त्यांमध्ये एकेकाळी खरेदीखतातच अट असे, की घर गोऱ्यांखेरीज कोणाला विकायचे नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली अशा अटी न्यायालयांमार्फत बजावता येणार नाहीत असा निकाल दिला आणि घरविक्रीतल्या भेदभावावर बंदी घालणारा देशव्यापी कायदा १९६८ साली आला. त्यामुळे या चित्रपटांत कॅमेरा दिवाणखान्यात, जिन्यावर आणि हिरवळीवर रेंगाळतो तो नुसता दिखावा म्हणून नाही. अर्थात काही दिग्दर्शकांनी त्याचा दिखावाच केला, हेही कबूल करायला हवे.

लेखात ‘मित्रमंडळींचा पसारा’ असा टोमणा आहे. हा पसारा हेच या प्रकाराचे यंत्र आहे आणि ते जुळवणे कठीण असते. माल्कम डी. ली यांचा १९९९ चा ‘द बेस्ट मॅन’ त्यासाठी पुन्हा पाहावा. आठ मुख्य पात्रे, बहुतेक कॉलेजपासूनची, एका लग्नासाठी न्यूयॉर्कमध्ये जमतात. नायक हार्पर लेखक आहे. त्याची पहिली कादंबरी बाजारात यायची आहे आणि तिची आगाऊ प्रत एका मैत्रिणीच्या हाती पडली आहे. कादंबरीत सगळ्यांची खरी गुपिते नावे बदलून आली आहेत. प्रत हातोहात फिरू लागते. गुपित प्रेक्षकाला आधीच कळलेले असते, त्यामुळे प्रश्न उरतो तो एवढाच, की नवरदेवाच्या हाती प्रत कधी लागणार. नवरदेव व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलपटू, धार्मिक आणि संतापी. लग्नाच्या आदल्या रात्रीपर्यंत ताण वाढत जातो. मधे पुरुषांचा पत्त्यांचा डाव आहे. त्यात हास्यविनोदाच्या आडून प्रत्येक जण बायकांबद्दल आणि पैशांबद्दल आपले मत सांगून जातो, आणि पुढे कोण कसा वागणार ते तिथेच ठरते.

याच्या नकला फसल्या त्या ठराविक ठिकाणी. एक तर गुपित शेवटच्या वीस मिनिटांत कोणीतरी चुकून ऐकलेल्या फोनवरून फुटते. त्यामुळे ताण साचतच नाही. किंवा मित्र चार असले तरी प्रत्येकाला एकच गुण दिलेला असतो: एक बायकांमागे धावणारा, एक बायकोला घाबरणारा, एक आईच्या पदराला धरून असलेला. २०१२ चा ‘थिंक लाइक अ मॅन’ एका विनोदवीराच्या सल्ला-पुस्तकावर बेतलेला आहे आणि त्यात पुरुषांची अशी वर्गवारीच पडद्यावर येते. तो हसवतो, पण पात्रे पुस्तकातल्या नियमांबाहेर श्वास घेत नाहीत.

‘द बेस्ट मॅन’चा शेवट रांगेत करायच्या नाचाने होतो. सगळे एकाच वेळी एकाच दिशेला वळतात; आजी, पाहुणे, नवरा-नवरी, कालपर्यंत गळा धरणारे मित्र. हा नाच कृष्णवर्णीय अमेरिकी लग्नांमध्ये आणि कुटुंबाच्या मेळाव्यांमध्ये लहानथोरांना येतो. दिग्दर्शक तो समजावून सांगत नाही, शिकवत नाही. ज्यांना येतो ते थिएटरात खुर्चीतच पाय हलवतात आणि ज्यांना येत नाही त्यांना समेट झाल्याचे तेवढ्यानेच कळते.

वर्गाचा प्रश्न सर्वांत उघडपणे येतो तो २०११ च्या ‘जंपिंग द ब्रूम’मध्ये. मुलीकडचे श्रीमंत, लग्न मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर, जिथे कृष्णवर्णीय सुखवस्तू कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या उन्हाळा घालवत आली आहेत. मुलाची आई ब्रुकलिनची, टपाल खात्यात नोकरी करणारी. सासू-सुनेची जुंपते ती झाडूवरून. गुलामगिरीच्या काळात अनेकांना कायदेशीर लग्नाचा हक्क नव्हता, तेव्हा जोडप्याने झाडूवरून उडी मारणे हाच विधी होता. मुलाच्या आईला तो हवा आहे, मुलीला नको. दोन्ही बाजू कृष्णवर्णीय. प्रश्न असा की वर चढताना सोबत काय न्यायचे आणि काय मागे टाकायचे. ‘चेहरे बदलून’ हे भांडण दुसऱ्या कोणाला देता येईल का, ते लेखकाने सांगावे.

चित्रीकरणाबद्दल थोडे. फिल्मच्या काळात रंगांचे प्रमाण ठरवण्यासाठी प्रयोगशाळांमध्ये वापरली जाणारी नमुना-छायाचित्रे गोऱ्या स्त्रियांची असत. त्या मापाने प्रकाश ठेवला, की गडद चेहरे पाठीमागच्या पांढऱ्या भिंतीपुढे काळवंडतात आणि डोळ्यांभोवतीचा तपशील नाहीसा होतो. उपाय आहेत, पण ते आधी ठरवावे लागतात: भिंतींना पांढऱ्याऐवजी तपकिरी, हिरवट, गडद निळे रंग; समोरून थेट दिवा मारण्याऐवजी मोठ्या पांढऱ्या पृष्ठभागावरून परावर्तित केलेला प्रकाश; त्वचेला मेकअपचा कोरडा थर देण्याऐवजी ओलसरपणा, म्हणजे ती प्रकाश परत फेकते. दोन पात्रांच्या वर्णांत बराच फरक असेल तर दोघांना वेगळा प्रकाश द्यावा लागतो. वेळ कमी असला, की हे पहिले गळते आणि मग सगळे कलाकार एकाच मातकट छटेत दिसतात.

संगीत या चित्रपटांना पैसा मिळवून देत असे. ‘बूमरँग’च्या अल्बममधले एक गाणे १९९२ साली अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या मुख्य यादीत सलग तेरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. ‘वेटिंग टू एक्झेल’ (१९९५) तर गाणी आधी आणि चित्रपट नंतर, अशा क्रमानेच लोकांपर्यंत पोहोचला. अल्बम विकून रेकॉर्ड कंपनी जाहिरातीचा भार उचलायची. सीडीची विक्री घसरली तसा हा आधार गेला.

आता पैशाचे गणित, कारण ‘प्रेक्षकांनी पाठ फिरवली’ हे लेखातले दुसरे विधानही तपासायला हवे. ‘द बेस्ट मॅन’चा खर्च सुमारे ९० लाख डॉलर, अमेरिकेतला गल्ला ३ कोटी ४० लाख, आणि पहिल्या आठवडाअखेरीस तो क्रमांक एकवर होता. ‘जंपिंग द ब्रूम’ ७० लाखांच्या आसपास बनला आणि ३ कोटी ७० लाखांवर गेला. ‘थिंक लाइक अ मॅन’ने सुमारे सव्वा कोटीच्या खर्चावर सव्वानऊ कोटींच्या जवळपास मिळवले आणि चार आठवडे पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसलेल्या ‘द हंगर गेम्स’ला खाली खेचले. पाठ फिरवलेले प्रेक्षक असे वागत नाहीत.

अडचण पुढे आहे. तिकीटविक्रीतला साधारण निम्मा वाटा थिएटरवाल्यांचा. म्हणजे ३ कोटी ४० लाखांतले स्टुडिओकडे आले १ कोटी ७० लाखांच्या आसपास. त्यातून जाहिरातीचा आणि थिएटरांना पाठवायच्या फिल्मच्या प्रतींचा खर्च. ३५ मिमीची एक प्रत दीड-दोन हजार डॉलरला पडायची. हजार थिएटरांत लावायचे म्हटले तर नुसत्या प्रतींवर १५-२० लाख. म्हणून असे चित्रपट मोठ्या चित्रपटांपेक्षा कमी पडद्यांवर लावले जात आणि गल्ल्याला वरून झाकण बसे. नफा यायचा तो नंतर: व्हिडिओ कॅसेट, डीव्हीडी आणि टीव्हीचे हक्क. साधारण २००८ नंतर डीव्हीडीचा बाजार कोसळत गेला आणि एक-दोन कोटी डॉलरच्या मधल्या बजेटचे चित्रपट सगळेच अडचणीत आले, गोऱ्या नट-नट्यांचे रोमँटिक चित्रपटसुद्धा. पण त्यांना परदेशी वितरकांचा टेकू होता. कृष्णवर्णीय चित्रपट परदेशात चालत नाहीत, असे स्टुडिओ वर्षानुवर्षे धरून चालले होते. म्हणून ते परदेशात लावायचेच नाहीत किंवा मोजक्या ठिकाणी गुपचूप लावायचे. मग आकडा लहान येतो आणि तोच आकडा पुढच्या बैठकीत पुरावा म्हणून ठेवला जातो. ‘थिंक लाइक अ मॅन’ची परदेशातली कमाई ५० लाख डॉलरच्याही आत राहिली. उलट ‘बूमरँग’ नीट लावला गेला आणि त्याने परदेशात ६ कोटींच्या आसपास मिळवले. तिथे एडी मर्फी हे जगभर चालणारे नाव होते, हे मान्य. पण तसे नाव घडवायलाही कोणीतरी आधी चित्रपट परदेशी पाठवावा लागतो.

२०१३ मध्ये ‘द बेस्ट मॅन हॉलिडे’ १ कोटी ७० लाखांत बनला आणि पहिल्याच आठवडाअखेरीस त्याने ३ कोटी कमावले. त्याच्यापुढे होता फक्त एक महागडा सुपरहिरो. त्या वेळी एका मोठ्या अमेरिकी वृत्तपत्राने या यशाची बातमी देताना ‘वंशविषयक चित्रपट’ असा शब्द मथळ्यात वापरला आणि त्यावर बरीच टीका झाली. चित्रपट आहे नाताळला जमलेल्या जुन्या मित्रांचा, आजारपणाचा आणि माफीचा. गोऱ्या मित्रांच्या नाताळपटाला कोणी वंशविषयक म्हणत नाही. आपल्या लेखातले वाक्य त्याच्या बरोबर उलटे आहे, पण खोड तीच: एकाला रंगाखेरीज काही दिसले नाही, दुसऱ्याने रंगाला काही अर्थच दिला नाही.

या चित्रपटांचे दोष लपवायचे कारण नाही. कर्तबगार बाईला ‘नरम’ करण्याचे कथानक फार वेळा येते. २००३ च्या ‘डिलिव्हर अस फ्रॉम इव्हा’मध्ये तर नायिकेचे मेव्हणे नायकाला पाच हजार डॉलर देऊन तिच्या मागे लावतात. नायिका उजळ वर्णाची आणि तिची थट्टेखोर मैत्रीण सावळी, ही वाटणीही खटकण्याइतकी वारंवार दिसते. समलिंगी माणसांवरचे विनोद आज ऐकवत नाहीत. आणि सर्वांत मोठी उणीव म्हणजे पगार दिसतो, पण कर्ज दिसत नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या २०२२ च्या पाहणीत गोऱ्या कुटुंबाची मध्यक संपत्ती २,८५,००० डॉलर होती आणि कृष्णवर्णीय कुटुंबाची ४४,९००. पडद्यावरच्या वकील, डॉक्टर, संपादकांपैकी कोणी शिक्षणकर्जाचा हप्ता भरताना सहसा दिसत नाही. कुटुंबात एकाच्या डोक्यावर सगळ्यांचा खर्च पडणे हा या वर्गाचा खरा ताण. तो ‘सोल फूड’ (१९९७) या कौटुंबिक चित्रपटात वकील बहिणीच्या रूपाने आला, रोमँटिक कॉमेडीने मात्र त्याला टाळले.

थिओडोर विचर यांचा ‘लव्ह जोन्स’ (१९९७) याला बराचसा अपवाद आहे. शिकागो, कवितावाचनाचा क्लब, होतकरू लेखक आणि नुकतीच नोकरी गेलेली छायाचित्रकार. ती रेकॉर्डच्या दुकानात चेक देते आणि त्या चेकवरून तो तिचा पत्ता मिळवतो. आज हे पाठलाग करण्यात मोडेल, तेव्हा चतुराई समजली गेली. कोणी कोणाला फसवत नाही, गुपित नाही, पैज नाही. दोघेही ‘हे तसे काही गंभीर नाही’ असे म्हणत राहतात आणि तेवढ्यावर चित्रपट उभा आहे. सनडान्स महोत्सवात त्याला प्रेक्षकांची पसंती मिळाली, थिएटरांत मात्र सव्वा कोटी डॉलरच्या आसपासच गल्ला जमला आणि विचर यांना पुढे दुसरा चित्रपट दिग्दर्शित करायला मिळाला नाही. प्रेक्षकांनी तो कॅसेट आणि डीव्हीडीवर शोधून पाहिला, पण ते पाहणे पहिल्या आठवड्याच्या आकड्यात धरले जात नाही.

पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहायचे ठरले तर एवढी विनंती, की दिग्दर्शकांची नावे द्यावीत. लेखात नटांची अकरा नावे आहेत, दिग्दर्शकाचे एकही नाही. वाचकांसाठी यादी देणार असाल तर ‘बूमरँग’ आणि ‘द बेस्ट मॅन’ आधी, मग ‘समथिंग न्यू’ आणि ‘जंपिंग द ब्रूम’ पाठोपाठ. ‘लव्ह जोन्स’ शेवटी ठेवावा. तो आधी पाहिला तर बाकीच्यांतली घरे फारच चकचकीत वाटू लागतात.

आपला,
एक वाचक